सतरा ओरखड्यांचं झाकण

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे मी ठीक आहे आणि तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही. कारण तू ओळखलंच असशील. दहावा कॅमेरा आला.

लिलावाच्या साइटवर त्याचं वर्णन होतं, ‘आजोबांच्या कपाटातून निघाला, उत्तम स्थितीत, बहुधा चालतो’. ताई, दोन वर्षांत मी एवढं शिकलो की ‘बहुधा चालतो’ म्हणजे चालत नाही, ‘तपासलेला नाही’ म्हणजे तपासला आणि चालत नाही, आणि ‘शोभेसाठी उत्तम’ म्हणजे आत कोळ्यांनी संसार थाटला आहे. हा दहावा एका लोकरी मोज्यात गुंडाळून आला. मोजा चांगला निघाला. भिंगात मात्र इतकी बुरशी की समोरची इमारत धुक्यात बुडाल्यासारखी दिसते.

पण मला भिंगाशी काय करायचंय? मला फक्त मागचं झाकण उघडून आत बघायचं असतं. बाबांनी विकलेल्या कॅमेऱ्याची तीच तर खूण. आपल्या स्टुडिओत फोटो धुतला आणि त्यात माझे डोळे मिटलेले निघाले, की बाबा खिळ्याने झाकणाच्या आतल्या काळ्या रंगावर, कडेला, एक ओरखडा काढायचे. सतरा ओरखडे झाले, मला मिटक्या हे नाव कायमचं चिकटलं, आणि आजतागायत आपल्या घरात माझा उघड्या डोळ्यांचा फोटो नाही.

विकणाऱ्यांना मी अगदी नम्रपणे लिहितो, की झाकण उघडून आतला एक फोटो पाठवा. एकाने उत्तर दिलं की झाकण आहे. दुसऱ्याने भिंगावरच्या टोपणाचा फोटो पाठवला, तोही हललेला. कॅमेरा विकायला बसलेल्या माणसाला फोटो काढता येऊ नये, याला काय म्हणावं! म्हणून प्रत्येक कॅमेरा विकत घेऊनच उघडावा लागतो, आणि ओरखडे नसले की परत विकावा लागतो.

नववा गेल्याच आठवड्यात विकला. त्याचं झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी कॅमेऱ्याचं होतं, तांबूस कातड्याचं, एका बाजूला फट राहणारं. चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या मी. दुसऱ्याच्या तोंडातली कवळी मला लांबूनही ओळखू येते. आत ओरखडा एकही नव्हता. अग्निशमन दलात नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी घेतला.

मे महिन्यात तुला पंच्याहत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी बाबांच्याच कॅमेऱ्याने आपला दोघांचा फोटो काढायचा आणि त्यात माझे डोळे उघडे असायचे, एवढी एकच हौस उरली आहे. पण तुझ्या भावजयीने बजावलंय की बारावा कॅमेरा शेवटचा. तेरावा आला तर तो या घरात राहील आणि ती तिच्या बहिणीकडे. तेव्हा आता दोनच संधी आहेत.

कानाचं यंत्र लावतेस ना, की अजून डबीतच आहे?

कळावे. लोभ आहेच, तो बोली न लावता वाढत जावा.

तुझा,
मिटक्या


दि. १० फेब्रुवारी

चि. मिटक्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोज्याचा जोडीदार अकराव्या कॅमेऱ्याबरोबर येईल, धीर धर. यंत्र डबीतच आहे. ते लावलं की मला शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो, आणि त्यांच्या मालिकेपेक्षा माझी शांतता बरी.

माझ्या भावजयीचं काही चुकत नाही. पाहुण्यांच्या खोलीत पाहुण्याला झोपायला जागा नाही, कारण खाटेवर कॅमेरे झोपलेले. मागच्या वेळी मी आले तेव्हा उशीशेजारी दोन भिंगं माझ्याकडे टक लावून बघत होती. रात्रभर मला वर्गावर असल्यासारखं वाटत होतं. अरे, वस्तू गेली ती गेली. बाबांनी स्वतःच्या हाताने विकली. तू तिच्यामागे इतका का धावतोस? माझी पंच्याहत्तरी साध्या मोबाइलवरही दिसेल. सुरकुत्या त्यातही येतात.

एक सहज विचारते. त्या नवव्याच्या तांबूस झाकणावर, खालच्या कोपऱ्यात, नेलपॉलिशसारखा लाल ठिपका होता का? नसेलच बहुतेक. उत्तर लगेच पाठव.

गुडघ्याला तेल लावत जा. आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तुझी तू वाढव.

तुझी,
ताई


दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अकरावा हातचा गेला. लिलाव संपायला चार सेकंद उरले होते आणि सर्वांत वरची बोली माझी होती. मी हिला हाक मारून पडद्यासमोर बसवलंसुद्धा. तेवढ्यात ‘शांतिदूत’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी माझ्या वर बोली लावली आणि लिलाव बंद झाला. आठवडाभर हा शांतिदूत कुठे होता? झुडपात दबा धरून बसला होता! हिने विचारलं की न आलेला कॅमेरा अकरावा धरायचा का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ती धरणार.

तू विचारलेला लाल ठिपका होता की! मी तो कवळ्या घासायच्या ब्रशने घासूनही पाहिला, जाता जाईना. शेवटी वर्णनात ‘वैशिष्ट्यपूर्ण ठिपका’ असं लिहून टाकलं. पण तुला कसं कळलं? मीच मागच्या कुठल्या पत्रात लिहिलं असेल. हल्ली काय लिहिलं ते आठवत नाही.

त्या नवव्यावरून डोक्याला ताप झालाय. अग्निशमनवाले म्हणतात, प्रत्येक फोटोवर आडवा पांढरा पट्टा येतो, फटीतून उजेड आत शिरतो, कॅमेरा परत घ्या. मी कळवलं की जुन्या यंत्रांना स्वभाव असतो, तो सांभाळून घ्यावा, आणि वर्णनात मी ‘उत्तम स्थितीत, बहुधा चालतो’ असंच लिहिलं होतं. त्यावर ते चिडले. महिनाअखेरीला त्यांच्या केंद्रातलं भंगार उचललं जातं, त्यातच टाकून देईन म्हणाले. खुशाल टाका म्हटलं. विकलं ते विकलं.

कळावे. माझ्यावर लोभ असू दे, इथे सध्या त्याचा तुटवडा आहे.

तुझा,
मिटक्या


दि. २० फेब्रुवारी

चि. मिटक्या,

आशीर्वाद शेवटी देईन. शेजारणीला तुला फोन करायला लावलं होतं, की तो नववा कॅमेरा भंगारात जाऊ देऊ नकोस, का ते पत्रातून कळेल. निरोप पोचला असेल असं धरून चालते. आता कारण ऐक, आणि आधी खाली बस.

तो नववा बाबांचा आहे.

तू कवळ्यांचं काम शिकायला दुसऱ्या गावी होतास तेव्हाची गोष्ट. बाबांची नजर अधू झाली, स्टुडिओ बंद करायचं ठरलं. लग्नांत फोटो काढणाऱ्या एकाने कॅमेरा घ्यायचं कबूल केलं. बाबांनी मला सांगितलं की पुसून, नीट बांधून ठेव. मी पुसायला झाकण उघडलं आणि ते सतरा ओरखडे दिसले. मला ते परक्या माणसाच्या हातात देववेना. तसाच दुसरा, बंद पडलेला कॅमेरा कपाटात होता. त्याचं तांबूस झाकण ठेचलेलं होतं. बाबांना दोन्हींतला फरक दिसावा म्हणून त्यावर मीच कधीतरी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. या कॅमेऱ्यांचं झाकण बिजागरीपाशी दाबलं की सुटं होतं. दोन मिनिटांत मी अदलाबदल केली. त्या माणसाने उघडून न बघता कॅमेरा नेला.

बाबांचं झाकण गेली अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली आहे.

पस्तीस वर्षं शाळेत, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून, मी मुलांची दप्तरं तपासली. दुसऱ्याची पेन्सिल घेतलेल्या पोरांना अर्धा अर्धा तास प्रामाणिकपणावर भाषण दिलं. आणि घरी आल्यावर त्याच डब्यातून सुई काढून बटण लावत बसले. आता तू मनात जे म्हणशील ते मी स्वतःला आधीच म्हणून झालंय.

तू शोध सुरू केलास तेव्हाच सांगायला हवं होतं. पहिल्यांदा लाज वाटली. नंतर खरं कारण वेगळंच झालं. पूर्वी तुझी पत्रं चार ओळींची असायची, मी बरा आहे, तू बरी असशील. तू कॅमेरे शोधायला लागलास आणि चार चार पानं यायला लागली. मला फोनवर कुणाचं काही ऐकू येत नाही. ही पत्रं म्हणजेच माझ्याशी बोलणारं माणूस. झाकण सापडलं की शोध संपणार, आणि मग पुन्हा चार ओळी. त्या भीतीने गप्प बसले. स्वार्थीपणा झाला, चुकलं माझं.

कॅमेरा मिळव. झाकण पोस्टाने पाठवणार नाही, आता आणखी जोखीम नको. कॅमेरा घेऊन तू इकडे ये.

आशीर्वाद देते, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

तुझी,
ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हिला वाचून दाखवलं तर ती हसत सुटली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि त्यातही कळसा हातात घेऊन, पुसून, वर्णन लिहून, चिठ्ठ्या चिकटवून आपल्याच हाताने दुसऱ्याला पाठवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. तिसऱ्यांदा वाचताना शेवटचा भाग एकट्याने वाचला. त्याबद्दल समोर आल्यावर बोलू.

दोन वर्षं मी झाकण शोधत होतो आणि बाबांचा कॅमेरा आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता. मी त्याला ‘दुसऱ्याच्या तोंडातली कवळी’ म्हणालो. बाबांनी ऐकलं असतं तर अठरावा ओरखडा माझ्या पाठीवर काढला असता.

आता अग्निशमनवाल्यांचं ऐक. शेजारणीचा फोन आला त्याच दिवशी मी त्यांना लिहिलं की परत घेतो, येण्याजाण्याचा खर्च माझा. पाच दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि मग काय करावं? मला म्हणाले, खर्च नको, एक अट आहे. तुम्ही साइटवर लोकांना जे सुनावता ते सगळं मी वाचलंय. (मी तिथे ‘चोखंदळ’ या नावाने लिहितो, आणि गेल्या दोन वर्षांत नऊ जणांना खोटं वर्णन केल्याबद्दल झाडलंय.) तेव्हा त्याच ठिकाणी, त्याच नावाने लिहा, की झाकण बसत नाही हे मला माहीत होतं आणि तरी मी उत्तम स्थिती असं लिहिलं.

ताई, भंगाराची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. मी नाक मुठीत धरून लिहिलं. लिहिल्यावर दहा मिनिटांत त्या नऊ जणांपैकी सात जणांनी त्याखाली पसंतीचे अंगठे उमटवले. मोजावाल्याने तर अभिनंदनही केलं.

कॅमेरा काल पोचला. त्या भल्या माणसाने तो मऊ फडक्यात गुंडाळून, वर ‘जपून हाताळा’ असं लिहून पाठवलाय. पट्टा आलेला एक फोटोही सोबत आहे. त्यात त्यांची मुलगी सायकलवर बसलीय आणि पट्टा नेमका तिच्या नाकावरून गेलाय. तसा फोटो छान आहे.

मे महिन्यात आम्ही दोघं येतो. शिवणाचा डबा कुणाला उघडू देऊ नकोस.

कळावे. चोरावर मोर निघालेल्या भावावर लोभ असावा.

तुझा,
मिटक्या


दि. ८ मार्च

चि. मिटक्यास अनेक आशीर्वाद.

ये. डबा कपाटात ठेवून कुलूप घातलंय, आता बटण तुटलं की टाचणी लावते. सात जणांचे अंगठे वाचून यंत्र नसतानाही मोठ्याने हसू ऐकू आलं, ते माझंच होतं.

तुझा राग खरंच गेला, की लपवतोयस? रागावला असलास तरी ये.

तुझी,
ताई


दि. २९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्री सुखरूप पोचलो. आज सकाळी चार ओळींचं पत्र लिहायचं आणि तुला थोडं घाबरवायचं असं ठरवून बसलो होतो. जमलं नाही.

आधी एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्या जेवणाच्या टेबलावर मी बाबांचं झाकण बिजागरीत बसवलं आणि दाबलं, तेव्हा तू माझ्या हाताकडे बघत होतीस. यंत्र डबीत होतं, म्हणून तुला ऐकू गेलं नसणार. अगदी बारीक आवाज झाला, एकच, आणि नंतर काही नाही. खरखर नाही, लटपट नाही. चाळीस वर्षांत अशा आवाजाच्या कवळ्या मी फार तर पाच बनवल्या असतील. ज्याचं त्याला मिळालं की असाच आवाज येतो. मला रडू आलं म्हणून मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. ही म्हणते, पाणी प्यायला एवढा वेळ लागत नाही हे तुलाही कळलं होतं.

आता फोटो. हिने काढलेले बाराच्या बारा आज धुऊन आले. पट्टा कुठेच नाही. बाराही फोटोंत माझे डोळे उघडे आहेत, इतके उघडे की कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा दिसतो. आणि ताई, बाराही फोटोंत तुझे मिटलेले आहेत. ही एक, दोन, तीन म्हणत होती आणि तुला ऐकू येत नव्हतं. वर्गाला सावधान म्हणणाऱ्या मुख्याध्यापिका बाई स्वतःच बेसावध!

खिळा घेऊन झाकण उघडलं. नियमाने बारा ओरखडे व्हायला हवेत. मी एकच काढला. जागा थोडी आहे आणि तुझे अजून पुष्कळ फोटो काढायचेत. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, पण यंत्र लावून बसायचं. तोपर्यंत दर आठवड्याला पत्र येईल. चार पानांहून कमी भरलं तर तू लाल पेनाने परत पाठव.

शेवटी एक सहज विचारतो, उत्तर लगेच पाठव. काल रात्री आल्याबरोबर साइट उघडून पाहिली (ही झोपली होती). तिथे कॅमेऱ्याची एक लाकडी तिवई आहे, स्टुडिओतली असावी तशी. वर्णनात लिहिलंय, ‘उत्तम स्थितीत, दोन पाय मूळचे, तिसरा नंतर बसवलेला’. लिलाव रविवारी संपतो आणि शांतिदूताने आधीच बोली लावली आहे. मी लावण्याआधी तू एकदा कपाटामागे, खाटेखाली आणि माळ्यावर नीट बघ.

कळावे. लोभ असावा, आणि तिसरा पाय असल्यास तोही.

तुझा,
मिटक्या