हिरवी होडी आणि चेपलेली होडी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा वेल्डिंग, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या भावाचे मत वेगळे आहे, पण त्याला कोणी विचारलेले नाही.

१. घराचा माझा अर्धा भाग आणि बँकेतली शिल्लक मुलीला. जावईबापूंना माझी आरामखुर्ची. नाहीतरी माझ्या मरणाची वाट न पाहता ते तिच्यात बसतातच.

२. हत्यारे माझे वर्कशॉप विकत घेणाऱ्याला. उसनी नेलेली मोठी पकडही त्याने ठेवून घ्यावी. ठेवलीच आहे म्हणा.

३. आता होड्यांविषयी. तळ्यावर मासेमारीसाठी जुनी ॲल्युमिनियमची होडी घ्यायला आम्ही दोघे भाऊ गेलो. विकणाऱ्याकडे दोन होत्या. एक ठिकठिकाणी चेपलेली, दुसरी ताज्या हिरव्या रंगाची. जुनी होडी घेताना ती जमिनीवर ठेवून आत पाणी भरायचे असते. गळती असली तर बाहेरून थेंब दिसतात. मी बादली मागितली.

"दादा, चारचौघांत लाज काढू नकोस. होडी घ्यायला आलोय, मडकं नाही!" धाकटा म्हणाला.

तो हट्टाला पेटला, मीही पेटलो. त्याने हिरवी घेतली, मी चेपलेली. तेव्हापासून आम्ही तळ्याच्या दोन टोकांना एकेकटे बसून एकमेकांवर ओरडतो. मासे फार सुखात आहेत.

४. माझी होडी, वल्ह्यांसकट, धाकट्याला. तो ती घेणार नाही, हे मी जाणतो. "माझ्या होडीत आजवर थेंबभर पाणी आलं नाही," असे तो दवाखान्यात अनोळखी पेशंटांनाही ऐकवतो. खरेच आहे. दर उन्हाळ्यात हे महाशय सासुरवाडीला गेले की मी त्यांच्या होडीचे, पत्रे जोडणारे सैल झालेले रिव्हेट ठोकतो, सांधे बुजवतो, वरून तोच हिरवा रंग देतो. परत आल्यावर तो मला म्हणतो, "बघ, अजून नवीकोरी!" मी बघतो. कधी बोललो नाही. मिरवायला त्याच्याकडे दुसरे आहे काय?

पण माझ्यामागे ठोकणार कोण? आणि या शहाण्याला पोहता येत नाही. मला त्याच्या जिवाची भीती वाटते, म्हणून हे कलम लिहिले.

मी गेल्यावर पुढचा उन्हाळा सरला की मुलीने हिरवी होडी जमिनीवर घेऊन सगळ्यांदेखत पाण्याने भरावी. थेंब दिसले की धाकट्याने मुकाट्याने माझ्या होडीत बसावे. वल्ही मुलगी मारेल. त्याने पुढच्या फळीवर बसावे. ती जागा त्याचीच आहे, तिथे मी आजवर कोणाला बसू दिलेले नाही.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा न्हावी (सही). २. गळ विकणाऱ्या बाई (अंगठा).

ठिकाण: न्हाव्याचे दुकान.

तारीख: धाकटा सासुरवाडीहून परतण्याच्या आदला दिवस. माझ्या सहीवर हिरवा डाग पडला आहे, तो ग्राह्य धरावा. हात धुवायला वेळ मिळाला नाही.