खिडकीकडची जागा

५ जानेवारी

बस वेळेवर आली आणि जागाही चांगली निघाली. चाकावरची नाही, एसीचा झोत थेट डोक्यावर नाही, पाय पसरता येतात. एका देशातून शेजारच्या देशात, तिथून पुढच्यात, असं सगळं रस्त्याने बघत जायचं. विमानाने जाणाऱ्याला नुसते ढग दिसतात, असं हे म्हणायचे. ही सहल ह्यांनीच ठरवली होती, दोघांसाठी. मग एप्रिलात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि हे गेले. सहलवाल्यांनी विचारलं, खिडकीकडची जागा दुसऱ्या कुणाला देऊ का? मी म्हटलं, राहू द्या, मला कोपर टेकायला लागतं.

धाकटी नणंद सोबतीला आहे, पुढच्या रांगेत. तिच्या शेजारी एक निवृत्त बँकवाले. टेकल्या टेकल्या घोरू लागले. नणंद म्हणाली, वहिनी, नशीब बघ माझं, घरचं घोरणं ठेवून आले तर इथे दुसरं हजर! पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी.

ह्यांची खोड आठवली. दर थांब्यावर चहाला उतरायचे आणि टपरीवाल्याशी गप्पा रंगवायच्या. मी ड्रायव्हरपुढे हात आडवा करून गाडी अडवून धरायची. मग दोन ग्लास सावरत, हसत, सावकाश येणार. मी ओरडले की म्हणणार, "तू आत असलीस की गाडी मला सोडून जात नाही."

७ जानेवारी

पहिली सरहद्द झाली. पत्र्याची शेड, लांबलचक रांग, टाळू भाजणारं ऊन. सगळ्यांनी उतरायचं, शिक्के घेत चालत पलीकडे जायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. आमचा गाइड डोकी मोजत नाही. मोजणारा चुकतो, शेजारी चुकत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो मान वरही न करता प्रत्येकाला विचारत जातो, जोडीदार आला का? नाही म्हटलं तर कुठे आहे ते सांगावं लागतं.

भरल्या बसमध्ये मला ते सांगायचं नव्हतं. बायका च्च् च्च् करतात, पुरुष घसा खाकरतात. मी सरळ "आहे" म्हटलं. जन्मभर शाळेत हजेरी घेतली. मैत्रिणीच्या नावाने ओ देणाऱ्या मुलींना मी बाकावर उभं करत असे. असो.

दुपारी खिडकीचा पडदा सरकवलेला दिसला. मी हात लावला नव्हता.

८ जानेवारी

रस्ता लाल मातीचा, दोन्हीकडे केळीच्या बागा. मला डुलकी लागली. जागी झाले तेव्हा गालावर वळ होता, सदऱ्याच्या खांद्यावरच्या शिवणीचा. शेजारची गादी दबलेली होती आणि उबदार.

घाबरायला हवं होतं. मी तोंड खिडकीकडे करून रडले, मग डोळे पुसून नीट बसले.

१० जानेवारी

दुसरी सरहद्द, नदीवरच्या पुलापाशी. गाइडने विचारलं. या वेळी मी जाणूनबुजून, मोठ्याने "आहे" म्हटलं.

गाडी हलली आणि हे दिसले. उजळ नाही, ओल्या काचेतून दिसावं तसं. तोच सदरा, सैल पट्ट्याचं घड्याळ. बगळे दाखवायला काचेवर बोटाने ठोकू लागले. मी दटावलं. हसले.

मग खोकले. एकदाच, कोरडं.

नणंद गर्रकन वळली. चेहरा पांढरा. दादासारखं कोण खोकलं, म्हणाली. मी बँकवाल्यांचं नाव सांगितलं. बँकवाले तिच्याच शेजारी घोरत होते.

१२ जानेवारी

कालपासून थंडी वाजतेय ह्यांना. बाहेर अंग भाजतंय आणि हे माझी शाल ओढून घेतात. क्रम एप्रिलातलाच: आधी खोकला, मग हुडहुडी, मग छातीत पाणी उकळल्यासारखा श्वास. पाणी पाजलं, ते ओठांतून आरपार गादीवर सांडलं.

नणंद आली, गादीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग तिथेच, मधल्या वाटेत बसून रडली. वहिनी, तू आहे म्हणतेस आणि दादा पुन्हा तेच भोगतोय. एकदा भोगलं ते पुरे नव्हतं का?

तिला म्हटलं, तुझ्या जागेवर जा.

१४ जानेवारी

तिसरी सरहद्द. नाही म्हणायचं, असं सकाळी ठरवलं होतं. अगदी पक्कं. गाइड समोर आला, आणि माझं मनगट ह्यांनी धरलं. पकड थंड. नखं निळी.

आहे, म्हटलं.

१५ जानेवारी

रस्ताभर तो श्वास. सगळ्यांना ऐकू जातोय आता. कुणी माझ्याकडे बघत नाही. डोळे उघडले की माझ्याचकडे बघतात हे. एप्रिलातही असेच—

उद्या शेवटची सरहद्द.

१६ जानेवारी

शिक्के झाले. गाडीत येऊन बसले तर हे ताठ बसलेले. खोकला नाही. श्वास मोकळा. चहा आणतो म्हणाले, आणि उतरले.

नणंदेने माझा खांदा घट्ट धरलाय. तिलाही आठवतंय. त्या दिवशीही असेच अचानक उठून बसले होते. चहा मागितला. मी चहा घेऊन आले तोवर—

आता परत येऊन बसले, तर तेच होणार. इथे, या गादीवर. माझ्यासमोर. दुसऱ्यांदा.

गाइड आला. विचारलं.

नाही, म्हटलं. माझे यजमान एप्रिलात वारले. पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. तो ओशाळला, पुढे गेला.

दार बंद झालं. गाडी हलली. गादी थंड.

टपरीपाशी— हे आहेत. दोन्ही हातांत ग्लास. गाडी निघालेली बघून धावताहेत, चहा सांडतोय हातावर. मागे पडताहेत आणि तरी—

घाबरलेले नाहीत. हसताहेत. त्यांना वाटतंय, मी आत आहे, मी आता गाडी थांबव—