बाबांचा पाय आणि डॉक्टरांचा पाट

पेण, ज्येष्ठ अखेर

ती. सरूआत्यास,

वृंदाचा साष्टांग नमस्कार. हुबळीला सगळे खुशाल असतील आणि तुझा गुडघा तुला जिना चढू देत असेल, असं धरून चालते. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोन केला की बाबा शेजारी बसून माझी उत्तरं दुरुस्त करतात, म्हणून.

बाबांच्या उजव्या पायात रक्त कमी पोचतं हे तुला माहीत आहे. तू ऐकलंयस तेवढं ते किरकोळ नाही. अंगठ्याची जखम भरत नाही, आणि आडवं झालं की पाय इतका ठणकतो की ते तो खाटेखाली सोडून बसल्या बसल्या झोपतात. काहीच केलं नाही तर पाय जाईल, असं पनवेलच्या दोन डॉक्टरांनी सांगितलं. (विडी सुटली, असं बाबांनी त्या दोघांना सांगितलं. बंडल मला आपल्या कारखान्यात सुकत ठेवलेल्या एका गणपतीच्या पोकळीत सापडलं. मूर्ती उचलली तर आत काहीतरी सरकलं.)

उपाय दोन आहेत. एक बायपास: बाबांचीच एक शीर काढून तुंबलेल्या जागेला वळसा घालून जोडायची. ऑपरेशन मोठं, बरं व्हायला वेळ लागतो. दुसरा फुगा: जांघेतून बारीक नळी घालून तुंबलेल्या जागी फुगा फुगवायचा, लागलीच तर जाळी बसवायची. माणूस लवकर घरी येतो, पण पुन्हा तुंबण्याचा संभव जास्त. स्वतःची शीर चांगली असेल तर बायपास अधिक टिकते, आणि बाबांची शीर चांगली आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर मी ती पाहिली. रोह्याच्या कंपनीत माझं कामच पाइपलाइनचं असल्यामुळे मी त्यांना आकृती काढून समजावलं. त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "माझा पाय म्हंजी तुझी कंपनी हाय काय गो?" बायजाबाई (आपल्याकडे माती मळायला येते ती) म्हणाली, "फुगाच बरा. फुग्यानं कोन मेलाय?" माझं एक मत पडलं, त्यांची दोन.

त्यात पाटाचं झालं. त्या दोघांतल्या फुगेवाल्या डॉक्टरांना बाबांनी तपासणीच्या टेबलावरूनच विचारलं, तुमच्याकडे गणपती कुठला असतो? त्यांनी बापड्यांनी सभ्यपणे सांगितलं, यंदा तुमचाच घेऊ. दोन दिवसांत त्यांचा ड्रायव्हर मूर्ती बसवून न्यायचा पाट ठेवून गेला. आला पाट रिकामा परत जात नाही, हे तुला मी सांगायला नको. पण बाबांनी त्यापुढचा अर्थ काढला: ज्याचा पाट आपण घेतला, त्याच्याच हातात आपला पाय द्यायचा, दुसऱ्याकडे जाणं म्हणजे शब्द मोडणं. मी रजा काढून त्या डॉक्टरांकडे गेले आणि पाट म्हणजे काय इथपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, अशी शीर असेल तर मीसुद्धा आधी बायपासच सुचवीन. आणि मूर्ती बैठी हवी, उंदीर जरा लहान.

हे मी घरी सांगितलं. मग खरं कारण निघालं. "आनि डोळे कोन आखील?" फुगा केला तर आषाढात ते पुन्हा कामाला बसतील, बायपास केली तर हंगाम गेला. बिनडोळ्यांचा देव पाटावर कसा द्यायचा, यावर माझ्याकडे आकृती नव्हती.

माझं ठीक आहे. संध्याकाळी रोह्याहून परत येताना गाडी कधी कधी कासूला रखडते आणि डब्यात मी एकटीच असते. तेव्हा बाबांशी काय बोलायचं ते मनात जुळवते. घरी पोचले की आम्ही मातीच्या भावाबद्दल बोलतो. (आई असताना हे दोघांतलं बोलणं तीच करायची.) कंपनीत मी रजेचं कारण "घरचं काम" असं सांगितलं आहे. कोणी काही विचारलं नाही. ते सोयीचंच आहे.

काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
वृंदा

ता. क. आजोबांनी डोळे आखायला बाबांना आणि तुलाच शिकवलं होतं. लग्नानंतर तू ब्रश धरलेला नाहीस, पण हात ती रेघ विसरत नाही असं बाबाच म्हणतात. तू श्रावणापर्यंत येऊन राहिलीस तर ते बायपासला तयार होतील, असा माझा अंदाज आहे. हे पत्र त्यासाठी होतं.

ता. क. २ पाकीट चिकटवण्याआधी एक दुरुस्ती. शेजारच्या कारखान्यातला नाथा डोळे आखून देतो म्हणाला. बाबांनी त्याच्याकडून एका मूर्तीचे आखून घेतले, उजेडात नेऊन पाहिले, दोन चुका काढल्या आणि आज सकाळी बायपासला हो म्हणाले. म्हणजे तुझ्यासाठी इथे आता कोणतंही काम उरलेलं नाही.

तरी ये.