जागा सोडायची राहिली

प्रिय नसीम आपा,

एका अक्षराची खरी किंमत परवा कळली. सात आठवडे, जालना ते संभाजीनगर चार खेपा, गरज नसताना काढलेला डोक्याचा एक फोटो, आणि तुम्ही. एवढी पडली.

परवा तुमचा इम्रान ऑफिसात आला होता. "अम्मीचा चाळिसावा झाला, अंकल. हे तुमच्याकडं द्यायचं होतं," म्हणाला. तुमचा तो जाडजूड मेडिकल शब्दकोश, लाल पेनांचा गठ्ठा आणि तुमच्या दवाखान्याची फाइल. फाइल मला कशाला, विचारलं, तर म्हणे, "अम्मी बोली थी, भागवत को देना." मेल्यावर फाइल देता, आपा? जिवंतपणी एक फोन करवला नाही? तेव्हापासून डोक्यात जो राग बसलाय तो उतरेना, म्हणून लिहून राह्यलो.

फाइलीतला पहिला कागद म्हणजे तुम्हाला मोठ्या डॉक्टरकडं पाठवणारी दोन ओळींची चिठ्ठी. तिच्यात 'डिस्फेझिया' हा शब्द, त्याभोवती तुमचा लाल गोल आणि समासात एकच अक्षर: जी.

डिस्फेजिया म्हणजे घास गिळता न येणं. डिस्फेझिया म्हणजे बोलता न येणं. इंग्रजीत जीच्या जागी एस पडला की घशाचा आजार मेंदूत जातो. तुमच्या गळ्याखाली भाकर उतरत नव्हती, आणि तुम्हाला धाडलं मेंदूवाल्याकडं! बोलता न येणारी बाई! तुम्ही? जिच्या एका हाकेनं आमच्या साऱ्या पोरींचे हेडफोन कानावरून खाली यायचे, ती?

इम्राननं सांगितलं, तुम्ही चिठ्ठी घेऊन परत काउंटरवर गेल्ता. तिथली बाई म्हणाली, "एका अक्षरानं काय होतंय, आजी? सोमवारी साहेब आले की बघू." सोमवारी गेलात, साहेब नव्हते. एका अक्षरानं काय होतंय! त्या बाईला आपल्या ऑफिसात एक दिवस तुमच्या समोर बसवायला पाहिजे होतं.

आठवतं ना? मंठ्यात टेप-रेडिओ दुरुस्त करणारा मी, नुसत्या कानाच्या भरवशावर मेडिकल ट्रान्सक्रिप्शन सुरू केलं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटची माहिती तोंडी रेकॉर्ड करून पाठवायचे, आमच्या पोरी ऐकून टाइप करायच्या. इंग्रजी तपासायला माणूस नव्हता, म्हणून जाफराबादच्या उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या तुम्हाला बोलावलं. पहिल्याच दिवशी तुम्ही सगळ्यांचे कागद लाल केले. "दोनो पाय को एस किसीने नहीं लगाया!"

वैशाली रडकुंडीला आली. "पण आपा, एक पाय, दोन पाय. पाय तर पायच राहतो ना?"

"मराठीत, बेटा. इंग्रजी में दुसरे पाय कू एस लगता. नहीं तो अमेरिकावाला समझेगा, पेशंट लंगडा है."

आणि तो ज! "तुम लोगां बोलते दो ज, लिखते एकच! कान काय करतील बिचारे?" तुमच्या उर्दूत जीम वेगळा, झे वेगळा. म्हणून आम्हाला जे सारखं वाटायचं ते तुम्हाला बराबर वेगळं ऐकू यायचं.

आपलं खरं भांडण मात्र रिकाम्या जागेवरून. शब्द नीट कळला नाही तर पाच रेघा मारून जागा सोडायची, डॉक्टर स्वतः भरेल, हा तुमचा कायदा. मला तो अपमान वाटायचा. "आपा, रिकामी जागा म्हणजे हार. बारा वर्षांत या भागवतनं एक जागा सोडली न्हाई! डॉक्टर खोकू द्या, खाता खाता बोलू द्या, शब्द माझ्या कानातून सुटत नाही." साऱ्या जालन्यात हे सांगत फिरलो. तुम्ही चष्म्यावरून बघायच्या. "कान तेज है, भागवत. मगर कान गवाह है, जज नहीं."

आता खरं सांगतो. मघापासून काउंटरवरच्या बाईवर घसरलो, पण माझा राग तिच्यावर नाही.

आपल्या प्रत्येक कागदाच्या तळाला टाइप करणाऱ्याची दोन अक्षरं असतात. तुमच्या चिठ्ठीच्या तळाला आहे बी.के. भागवत काळे. अमेरिकेचं काम मशीननं खाल्लं, मंग मी इकडच्या दवाखान्यांचं घेतलं, ते तुम्ही घरी बसल्यावर. आमच्याकडं येणाऱ्या रेकॉर्डिंगवर पेशंटचं नाव नसतं, नुसता नंबर. मला माहीत नव्हतं त्या तुम्ही आहात.

पण तुम्हाला माहीत होतं! ती अक्षरं तुम्ही ओळखली नसतील, हे होणेच नाही. काउंटरवरच्या बाईनं विचारलं म्हणे, "कुणी टाइप केलंय हे? तक्रार लिहून द्या." आणि तुम्ही काय म्हणालात? "छोडो." छोडो? वैशालीला एका एससाठी रडवलं आणि मला छोडो? माझी लाज राखायला तुम्ही सात आठवडे पातळ पेजेवर काढले? कुणी मागितली होती ही मेहेरबानी? माझी फाइल माझ्या तोंडावर फेकायचा हक्क जगात एकट्या तुम्हाला होता, आपा, आणि नेमका तेव्हाच तुम्ही तो वापरला नाही!

लवकर कळलं असतं तरी भरवसा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. इम्रान मला धीर द्यायला सांगत होता. मला तो धीर नको.

काल ते रेकॉर्डिंग काढलं. अकरा वेळा ऐकलं. डॉक्टर चालता चालता बोलतोय, मागं पंखा घरघरतोय, 'फे'च्या पुढं सगळी खरखर. जी की एस, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी पाच सेकंदात सांगून टाकलं होतं.

आपा, वचन देतो. तुमच्या खुर्चीवर आता वैशाली बसते. तिनं लाल पेन फिरवल्याशिवाय माझा एकही कागद बाहेर जाणार नाही. आणि तिला बजावून ठेवलंय, मला छोडो म्हणायचं नाही.

तुमचा, तुमच्यावर अजून चिडलेला,
भागवत

ता. क. आज सकाळच्या पहिल्याच फाइलीत मी तीन जागा रिकाम्या सोडल्या.