स्वयंपाकघरातलं कासव

सर,

आज कसबा बावड्यात एका घरी गेले होते. तिथून आल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायला आता वेळ लागतो. बाहीवरची खडूची भुकटी मात्र लगेच दिसते. तरी लिहायचं तर तुम्हालाच, कारण आजच्या या सगळ्यात तुमचा हात आहे.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी बावड्यातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला जाते. तिथे दहावीला एक मुलगी होती. हुशार, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हट्टी. उत्तर पटलं नाही तर मधली सुट्टी झाली तरी बाकावरून हलायची नाही. उत्क्रांतीचा धडा शिकवताना मी वर्गात दरवर्षी सांगते तेच सांगितलं, की माणूस माकडापासून झाला नाही, माणूस आणि माकड या दोघांचा पूर्वज एक. तिनं ते डोक्यात ठेवलं आणि गेल्या एकादशीला देवळात, भर कीर्तनात काढलं. बुवा सांगत होते, ब्रह्मदेवानं माणूस घडवला. ही उठून म्हणाली, "तसं न्हाय बुवा, माणूस हळूहळू झालाय." बुवांनी गंमत केली, "मग तुझा आज्जा माकड होता काय गं?" तर ही म्हणते, "माकड न्हवं, माकडाचा भाऊबंद. आणि माझा एकटीचा न्हाय बुवा, तुमचा बी." अख्खं देऊळ हसलं. तिचे वडील तेवढे हसले नाहीत. ते म्हशी पाळतात, हंगामात साखर कारखान्यात कामाला जातात, आणि त्या देवळात दर एकादशीला टाळ धरून पुढच्या रांगेत उभे असतात. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, की पोरगी सायन्सला जाणार नाही. शाखा पक्की करायची मुदत सोमवारी संपते.

मुलगी माझ्याकडे रडत आली नाही. रागावून आली. "बाई, तुम्हीच शिकवलं न्हवं? आता तुम्हीच सांगा घरात." मी शाळेच्या सचिवांच्या कानावर घातलं. ते हसले. "मॅडम, सोपं हाय की. दशावतार सांगा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. आपल्या लोकांनी आधीच लिहून ठेवलंय म्हणा. बाप खूश, पोरगी सायन्सला, विषय संपला." मी तिथून उठले. रागानं उठले असं त्यांना वाटलं असेल. खरं म्हणजे ती युक्ती मी आधी एकदा पाहिली होती, सर. आमच्या स्वयंपाकघरात.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. गडहिंग्लजजवळचं आमचं गाव. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, सुट्टीला घरी आलेली मी, आणि भावकीतल्या कुणीतरी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या कानात ओतलेलं, की कोल्हापुरात पोरीला माकडाची नात व्हायला शिकवतात. अप्पांनी माझी ट्रंक माळ्यावर टाकली. मी तुम्हाला पत्र टाकलं, तेही तक्रार म्हणून. तुम्ही याल असं स्वप्नातही नव्हतं. आणि एका दुपारी तुम्ही दारात उभे. एसटीत तुम्हाला मळमळायचं, म्हणून मुठीत कापलेलं लिंबू. अप्पा म्हणतात, "या पावणं," पण आवाज गार. अव्वा, माझी आई, चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही बाहेर सोप्यात न बसता सरळ आत येऊन पाटावर बसता, खर्डा मागून घेता, डोळ्यांतून पाणी काढत खाता, आणि अप्पांना विचारता, "दशावतारात पहिला अवतार कुठला हो?" अप्पा म्हणतात, "मासा." "दुसरा?" "कासव." "तिसरा?" "डुक्कर. वराह." "मग आम्ही निराळं काय शिकवतो? आधी पाण्यातले, मग पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारे, मग जमिनीवरचे, मग माणूस. तुमचंच आहे की सगळं. इंग्रजांनी उशिरा लिहिलं, इतकंच."

अप्पांचा चेहरा कसा उघडत गेला, ते मी पाहत होते. आणि माझं डोकं फिरत होतं. कासव उभयचर नाही. ते सरपटणाऱ्यांतलं, पाल आणि सापांच्या बाजूचं. तुम्हीच महिन्यापूर्वी शिकवलं होतं. मी तोंड उघडलं, "पण सर, कासव तर..." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाणी आण गं. खर्डा फार तिखट आहे." मी पाणी आणलं. येईपर्यंत अप्पा माळ्यावरून ट्रंक काढत होते.

स्टँडवर सोडायला आले तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात." तुम्ही चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "तुला शिकायचंय, की मला पकडायचंय? ते तुझ्या वडिलांसाठी होतं. परीक्षेत कासव उभयचरात घातलंस तर पेपर फाडून टाकीन." एवढं बोलून लिंबू नाकाला लावलंत आणि गाडीत चढलात. आभार मानायचे राहिलेच. मानले असते का, तेही सांगता येत नाही.

तुमच्यामुळे मी शिकले, यात वाद नाही. नोकरी, पगार, कुणापुढे मान न वाकवता जगणं, सगळं त्या पाटावरच्या पाच मिनिटांवर उभं आहे. पण त्याची दुसरी बाजू तुम्हाला कधी कळली नाही. अप्पा मरेपर्यंत गावात सांगत राहिले, "आमची पोरगी कॉलेजात दशावतार शिकवती." मी गावी गेले की पारावर हाक मारून मला उभी करायचे. "सांग गं ह्यास्नी, मासा पहिला का न्हाय?" मी म्हणायची, "व्हय अप्पा." त्यापुढे कधी गेले नाही. जन्मभर मी जे काम केलं ते माझ्या बापाला ठाऊकच नव्हतं. त्यांना अभिमान होता, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीचा.

हे डोक्यात घेऊन मी आज बावड्यात गेले. पत्र्याच्या शेडमध्ये म्हशी, आत छोटं स्वयंपाकघर, मुलीची आजी कांदा चिरत बसलेली. वडिलांनी खुर्ची दिली. बोलायला मात्र तयार नाहीत. मी सरळ विषयाला हात घातला. "तुमची मुलगी देवळात उद्धटासारखी बोलली, ते मला मान्य नाही. पण जे बोलली ते खरं आहे." ते म्हणाले, "म्हंजे आमचं द्याव खोटं?" मी म्हणाले, "देवाचं मला ठाऊक नाही. मी ते शिकवत नाही." आजी कांदा चिरता चिरता म्हणाली, "मग पोरींची डोकी कशाला फिरवता ओ बाई?" मला गोड बोलता येत नाही, सर, हे तुम्हाला माहीत आहे.

आणि मग वडिलांनी स्वतःच वाट काढली. मान खाली घालून, जमिनीकडे बघत म्हणाले, "तसं बगा, आमच्या बुवांच्या दशावतारात बी मासाच पैला येतोय. मग कासव. पाण्यातनं भाईर. म्हंजे तुमचं आणि आमचं एकच की ओ हे? तसं आसंल तर जाऊ दे तिला." त्या माणसाला पोरीला अडवायचंच नव्हतं. देवळात गेलेला मान तेवढा परत हवा होता. मी फक्त "व्हय" म्हणायचं होतं. एक शब्द. तो मला पाठ होता, पारावर उभं राहून पाठ केलेला.

तेवढ्यात दारातून मुलगी म्हणाली, "पण अप्पा, कासव तर..."

तिचे वडील माझ्याकडे बघतायत. आजीची विळी थांबलेली. मी म्हणाले, "बोल. नीट बोल, आणि वडिलांकडे बघून बोल."

ती बोलली. कासव कुठल्या गटातलं, बेडूक कुठल्या, कोण आधी आलं, ते कशावरून कळतं. देवळातला ताठा नव्हता. अडखळत, सावकाश बोलत होती. शेवटी म्हणाली, "मासा आधी आला हे बुवांचं बरोबर हाय अप्पा. पण बुवांनी सांगितलं म्हणून न्हाय, दगडात सापडलंय म्हणून बरोबर हाय. दोन्ही एक न्हाय." वडील ऐकत होते. मध्ये एकदाच विचारलं, "दगडात?" ती म्हणाली, "व्हय, दगडात." मग ते उठले, म्हशीला पेंड घालायला निघाले, आणि दारातून आजीला म्हणाले, "बघ आई, बापाला शिकवाय लागली." ते कौतुक होतं की राग, मला कळलं नाही. मुलांच्या तोंडाकडे बघून त्यांना किती कळलं ते ओळखण्यात माझा जन्म गेला, पण त्या माणसाच्या पाठीवरून मला काही ओळखता आलं नाही.

सोमवारी ती कुठल्या शाखेला जाईल, ठाऊक नाही. कदाचित तुमची एक थाप मिळाली असती तर आत्ता तिचं दप्तर भरून झालं असतं. मी खरं बोलू दिलं, आणि त्याची किंमत तिच्या अंगावर टाकून घरी आले. तुम्ही असता तर म्हणाला असता, तुला तिला शिकवायचंय, की मला पकडायचंय? त्या प्रश्नापायीच ही खिडकीची उघडझाप.

हा कागद कुठे टाकायचा तो पत्ता मला ठाऊक नाही. असता तरी टाकला नसता, कारण पुढचं तुम्हाला कळू द्यायचं नाही. ती "पण अप्पा" म्हणाली त्या क्षणी "पाणी आण गं" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. नुसते युक्ती म्हणून नव्हे. घसा खरोखरच कोरडा पडला होता. तरी त्या घरात मी पाणी मागितलं नाही. निघताना आजीनं तांब्या पुढे केला, तर "नको" म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानात बाटली घेतली आणि रस्त्यातच उभी राहून ती संपवली.