दशमी तव्यावर

१ इस्फंदार, बुधवार
कचेरीचा इस्फंदार महिना लागला; दिवसभर कागदांच्या मिसली लावल्या. मान धरली. संध्याकाळी रामा धनगर दारात. शेरडं डोंगरावर चारतो, डोंगराच्या दोन्ही अंगांच्या गावांत त्याचं जाणंयेणं. ओट्यावर टेकून म्हणाला, "मुन्शीजी, तुमच्या आक्काचं बिऱ्हाड हालायलंय. बंडूला पूर्णेला रेल्वेत नोकरी लागली, खोली बी मिळाली. पुनवेला जातेत मायलेकरं."
"पौषात कुणी घर हलवतं का?"
"रेल्वे कुठं पौष मानती, मुन्शीजी."
बरं म्हणालो. जेवण गेलं नाही. सौ.नं ताट उचलताना एकदा बघितलं.

३ इस्फंदार, जुमा
सुट्टी. ओट्यावर बसून नुसता डोंगर बघितला.
अकरा वर्षं झाली. बाबा शेवटी आक्काकडंच होते. तिचा सांगावा आला, अमुशाच्या आत ये. मी साहेबांच्या दौऱ्यावर. रजेची रुखसत मागितली असती तर मिळाली असती, पण मागायची हिंमत झाली नाही. हे आजवर कुणापाशी बोललो नाही. पोचलो तो राख सावडायला. आक्का दार अडवून उभी. म्हणाली, "तुला कचेरीची तारीख कळती, बाळ्या, घरची तिथ कळत न्हाई. माझ्या दारात येऊ नको." तेव्हा तरी गप बसावं की नाही? नाही बसलो. सगळ्या भावकीदेखत म्हणालो, तुझ्या दारचं पाणी मला हराम.
तिनं तिचं पाळलं, मी माझं. दोघं एकाच बापाची. अकरा भाऊबिजा कोरड्या गेल्या.
आता ती पूर्णेला गेल्यावर काय? तिची साठी उलटली, माझी पन्नाशी आली. तिकडून काय परत येती.

४ इस्फंदार, शनि
साहेबांपुढच्या पेशीत बसल्या बसल्या सुचलं. तवा!
डोंगराच्या माथ्यावरचा तो सपाट काळा गोल दगड. आई हुरड्याच्या दिवसांत आम्हा दोघांना वर न्यायची. आक्का पुढं, मी मागं रडत. तवा ना तिच्या दारात, ना माझ्या. तिथं भेटलो तर कुणाचीच शपथ मोडत नाही.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, "दोन म्हातारी माणसं, बोलायला डोंगर चढणार. चांगलं हाय." हसत होती, पण तिला पटलं.

६ इस्फंदार, सोम
चिठ्ठी लिहिली. तीनदा फाडली. दिवसभर उर्दू लिहून मराठी अक्षर वाकडं यायला लागलंय. पहिल्या कागदावर तर सवयीनं अर्जाचा मायनाच पडला. शेवटी इतकंच: "आक्कास सा. न. दहा तारखेला तव्यावर येतो. तूही ये. पाय साथ देत असले तर." खाली "बाळू" अशी सही केली. लय वर्षांनी लिहिलं हे नाव. कचेरीत मला कोण बाळू म्हणतंय.
दहाला जुमा येतो म्हणून दहा. रामाच्या हाती दिली. तिला अक्षर येत नाही; तिथला गुरव वाचून दाखवील.

८ इस्फंदार, बुध
रामा आला. "गुरवानं वाचली. आक्कांनी फिरून एकदा वाचाय लावली. मग म्हन्ल्या, सांग त्याला, दशमी तव्यावर."
"अजून?"
"एवढंच. दशमी तव्यावर."
मला इतकं हसू आलं. दुधात मळलेली दशमी माझ्या किती आवडीची, ते विसरली नाही म्हणायची. म्हणजे येणार. शिदोरी घेऊन येणार.
सौ. म्हणाली, "अहो, दोन दिस आधीच दशमी तव्यावर कशी?"
म्हटलं, ती बोलायची रीत असती. तुला नाही कळायचं.

१० इस्फंदार, जुमा
पहाटे निघालो. पाण्याचा तांब्या माझा मी घेतला. शपथ ती शपथ.
गावाबाहेर ज्वारी हुरड्यात आलेली. माळ्यावरच्या राखणदारानं विचारलं, मुन्शीजी इतक्या सकाळी पायी? वसुली हाय का? म्हटलं, नाही रे बाबा, फिरायला. त्याचा विश्वास बसला नाही.
ओढ्यापर्यंत सपाट. पुढं डोंगराची सोंड चढते. सीताफळीची झुडपं, बोरी, मध्ये मध्ये पळस, पायवाट शेरडांनी पाडलेली. चढ काही फार नाही, पण मी वीस पावलांवर थांबायला लागलो. इसाव्याच्या दगडावर बसलो. आई इथं आम्हाला एकेक गुळाचा खडा द्यायची, वर पोचल्याशिवाय दुसरा नाही. माझा तोंडात टाकल्या टाकल्या संपायचा. आक्का तिचा पदरात बांधायची आणि पुढं मलाच द्यायची.
माथ्याखाली कातळ. त्यात एक चीर, अंग आडवं करून निघावं लागतं. लहानपणी पळत निघायचो. आज कचेरीनं दिलेलं पोट अडकलं. श्वास सोडला, कोट खरचटला, निघालो बाहेर. कुणी बघितलं नाही.
वर वारा लय. तवा आहे तसाच. एका अंगाला आमचं जिंतूर, कचेरीचं पत्र्याचं छप्परसुद्धा दिसतं. लांब नदी, उन्हात पांढरी. दुसऱ्या अंगाला आक्काची वाडी, लिंबाजवळचं घर. इतकं जवळ आहे, हे मी विसरलोच होतो. हाक नाही पोचणार, पण लुगड्याचा रंग कळतो.
बसलो. दगड तापला तसा सावलीच्या बाजूला सरकलो. तिच्या घरातून धूर निघाला. हिरवं लुगडं अंगणात आलं, काहीतरी वाळत घातलं, आत गेलं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.
तेव्हा उमगलं. दशमी तव्यावर, खरंच की. तिच्या चुलीवरच्या तव्यावर. माझी थट्टा केली.
दिवस कलला तसा उतरलो. सौ.नं दारातच ओळखलं. पाय धुवायला पाणी दिलं. वाईट वाटतंय, लय वाईट वाटतंय. असं डोंगरावर नेऊन बसवायला नको होतं तिनं.

१२ इस्फंदार, रवि
संक्रांत. घरोघर तिळगूळ घ्या, गोड बोला. मी कुणाशी धड बोललो नाही. पोटऱ्या अजून दुखतात.

१५ इस्फंदार, बुध
एक अर्ज परत केला. तारीख होती, महिना नव्हता. अर्जदार गयावया करत होता. म्हटलं, कायदा म्हणजे कायदा.

१८ इस्फंदार, शनि
संध्याकाळी रामा आला. फडक्यात काहीतरी बांधलेलं. चिडलेला.
"मुन्शीजी, हे बरं न्हाई केलं. म्हातारी काल दिसभर तव्यावर बसून व्हती."
"काल? कोण?"
"कोण म्हंजे? तुमची आक्का. काठी टेकत टेकत वर आल्या. तुमीच बलावलं आन् तुमीच न्हाई."
म्हटलं, मी त्याच्या आधल्या जुम्याला गेलो होतो. दहा तारखेला. तीच आली नाही.
"काल दशमी न्हवती का!" रामा म्हणाला. "शुद्ध दशमी. आक्काचं तेच म्हननं व्हतं, दशमीला तव्यावर. म्या काय वायलं सांगितलं?"
घरातून सौ.चा हसण्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली तर डोळे पुसत होती. म्हणाली, "अहो, दहा म्हंजे तिला दशमीच. तुमचा कचेरीचा इस्फंदार तिच्या घरी कधी आलाय?"
चिठ्ठीत महिना लिहिलाच नव्हता मी. सव्वीस वर्षं कारकुनी केली. महिना नसलेला अर्ज परत पाठवतो. बुधवारीच पाठवला.
रामानं फडकं सोडलं. दशम्या. "चार दिल्या व्हत्या तुमच्यासाठी. एक म्या खाल्ली, खोटं कशाला बोलू. ऊन उतरल्यावर उठल्या. म्हन्ल्या, बाळ्या कचेरीतच आसंल. रडल्या न्हाईत."
रडली असती तर बरं होतं.
"आन् तुमच्या बाबांचा फिरकीच्या झाकनाचा तांब्या आनला व्हता, पानी भरून. म्या म्हन्लं, वतून देऊ का, वझं कशाला. तर म्हन्ल्या, न्हाई, तिथं कपारीत ठिव. शपथ त्याची हाय, पानी माझं हाय. पिलं तर पिलं."
म्हटलं, रामा, उद्याच जा आणि सांग तिला, चूक माझी.
"म्या उद्या बोरीच्या बाजाराला चाललोय शेरडं घिऊन. चार रोज न्हाई. तवर त्या पूर्णेला." उठता उठता म्हणाला, "तुमचं तुमीच सांगा की."
दशमी खाल्ली. थोडी वाळली होती. तिन्ही खाल्ल्या. दशम्या तिच्या घरच्याच, पण शपथ पाण्याची होती, असा कायदा मनात काढला. सौ. म्हणाली, "दशमी काय बिनपाण्याची मळती का?"
दुधात मळतात, म्हटलं. ती आत निघून गेली.

१९ इस्फंदार, रवि
साहेबांपुढं उभा राहिलो आणि उद्याची रुखसत मागितली. "वजह?" म्हणाले. बहीण, म्हटलं. साहेबांनी वर बघितलं, सही केली. एवढंच होतं ते. अकरा वर्षांपूर्वीसुद्धा एवढंच असतं.

पौष शु. त्रयोदशी, सोमवार (२० इस्फं.)
आजपासून तिथ आधी.
हे तव्यावर बसून लिहितोय, शिसपेन्सिलीनं. वाऱ्यानं पान उडतं, गुडघ्याखाली धरलंय.
निघताना सौ.नं तांब्या पुढं केला. नको म्हटलं. तिनं तो परत ठेवला आणि खिशात तिळगुळाची पुडी घातली.
या खेपेला चढ कमी वाटला. इसाव्याच्या दगडावर बसलो नाही. चिरेतून आधी पोट आत ओढून मग निघालो. माणूस शिकतो.
तांब्या कपारीत होता, वर चपटा दगड. बाबांचाच. बोरीच्या बाजाराला जाताना खांद्याला असायचा. बुडाला पोचा आहे, तो माझ्या हातून पडला तेव्हाचा. मार मला मिळायचा होता, आक्कानं स्वतःचं नाव सांगितलं. फिरकी घट्ट बसलेली. हातरुमाल गुंडाळून जोर लावला तेव्हा सुटली.
घसा वाळलेला होता. तहान म्हणून प्यालो असं लिहू शकतो, पण ते खोटं. बसलो, चप्पल काढली, आणि प्यालो. तीन दिवसांचं पाणी, पितळेचा वास, वरती थोडी धूळ. सगळं संपवलं. मग रडलो. वर कुणी नव्हतं, आणि असतं तरी रडलो असतो.
तर माझी शपथ गेली. तिची अजून आहे. माझ्या दारात येऊ नको, हे तिचं बोलणं तिनं मागं घेतलेलं नाही. पाणी ठेवलं म्हणजे दार उघडलं असं होतं का? कायद्यात होत नाही.
पण तांब्या तिचा आहे. तो परत द्यायला हवा, आणि भांडं रिकामं परत देत नाहीत. येताना बोरं वेचली होती खिसाभर, ती आत घातली. वरून तिळगूळ. फिरकी लावली.
खाली अंगणात गाडी उभी दिसते आहे. हिरवं लुगडं आतबाहेर करायलंय, सामान बांधायला लागलेत. परवा पौर्णिमा. रुखसत आजच्यापुरती.
पलीकडचा उतार सोपा, रामा म्हणतो. दारात नाही जायचं. अंगणाबाहेर लिंबाखाली उभं राहून हाक मारायची, मग ती काय म्हणेल ते.
आत्ता हाक मारून बघितली. "आक्का." आवाज घोगरा निघाला. पुन्हा मारली. खालच्या झुडपात कुणाची तरी शेळी चरत होती, ती मान वर करून बघायला लागली.
निघतो.