तीस अंशांची साइन

सर,

तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. सानगडीच्या आपल्या शाळेतून निरोप आला होता, बसही होती, पण मी साकोलीत घरी गोधड्या धूत बसले. नवरा म्हणाला, "एवढे लाडके सर तुझे, काहून नाही गेलीस?" मी बादली आपटली. त्यालाही कधी सांगितलं नाही. म्हणून तुम्हालाच सांगते, टपालात न पडणाऱ्या कागदावर.

शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी दहावीत. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तरी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा जुनाच होता आणि त्याच्याखाली ते धूड ठेवलेलं. चित्रं नाहीत, बाण नाही; काळा पडदा, त्यात आज्ञा टाइप करायची. तुम्ही त्यातला कॅल्क्युलेटर सुरू केलात आणि म्हणालात, "इचार याले काहीही." मी तीसची साइन विचारली. अर्धा यायला पाहिजे, तर आलं उणे शून्य पॉइंट नऊ आठ. मी हसले, "सर, हे तं ढ आहे!" दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात, आईची परात मागितलीत, मध्यापासून काठापर्यंत दोरी मोजलीत आणि तीच दोरी काठावर वाकवून ठेवलीत, मग मध्यातून तिच्या दोन्ही टोकांकडे बोट ओढलंत. "हा जेवढा कोन झाला ना, तो एक रेडियन. मशीन अंशात नाही, यात मोजते. ढ ते नाही, आपण आहोत." मग आपण दोघांनी अंशांचे रेडियन करून घेणारं एक फंक्शन, म्हणजे दोन ओळींची आज्ञा, लिहिलं. पण कॅल्क्युलेटर बंद केला की तो ते विसरायचा, आणि जपून कसं ठेवायचं हे तुम्हालाही येत नव्हतं. म्हणून रोज पहिले मी फंक्शन लिहायचे, मग बाकीचं. किती आनंदाचे दिवस होते ते, सर! आता आठवले की राग येतो.

कॉम्प्युटरच्या उद्घाटनाला भंडाऱ्याच्या कॉलेजचे प्राचार्य येणार होते. तुम्ही म्हणाला होतात, "त्यांच्यासमोर तूच चालव. मग मी तुझ्या अकरावी सायन्सचं अन् होस्टेलचं बोलतो." बाबा शेतीवाले माणूस, सर म्हणतील ते खरं, असं त्यांचं. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. मी सकाळीच फंक्शन लिहून ठेवलेलं. पण बटण पाहुण्यांच्या हातून दाबायचं ना, म्हणून तुम्ही चालू मशीन बंद केलंत! नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं, बटण दाबलं जातं, टाळ्या होतात. प्राचार्य म्हणतात, "हं, तीस अंशांची साइन काढा बरं." मी कुजबुजते, "सर, फंक्शन पुन्हा लिवा लागते." तुम्ही म्हणता, "सरक," आणि स्वतःच टाइप करता, सरळ तीस. कीबोर्ड अन् माझे हात दोन्ही तुमच्या पाठीआड आहेत, लोकांना दिसतो फक्त पडदा. उणे शून्य पॉइंट नऊ आठ. प्राचार्य हसतात, मागची पोरं हसतात. आणि तुम्ही वळून म्हणता, "पोरीचा हात थरथरला, साहेब. काहीतरी चुकीचं दाबलं तिनं."

तेही मी गिळलं असतं. घाबरले असतील सर, म्हणून सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा मला वाटलं, खरं सांगायला आलात. मी आत चहा मांडला, आपल्या मनानं साखर जास्त घातली. बाहेर बाबा विचारत होते, "का जी सर, धाडू का पोरीले भंडाऱ्याले?" मी गाळणी धरून उभी. तुम्ही म्हणालात, "पोरगी हुशार आहे, पण घाबरते. आर्ट्सच बरं. साकोली जवळ पडते." चहा मीच आणून दिला. तुम्ही प्यालात, वर म्हणालात, "मस्त झाला." कसा उतरला हो घशाखाली? परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तुम्ही माझे होतात, आणि केसानं गळा कापलात.

आज इथल्या एका ऑफिसात दिवसभर टाइप करून पोट भरते. हात थरथरत असता तर पहिल्याच आठवड्यात हाकललं असतं मला. परवा मुलीनं लॅपटॉपवर तसलाच काळा पडदा उघडला, तीसची साइन टाकली आणि ओरडली, "आई, हे तं पागल आहे!" मी परात काढली, दोरी शोधली. शब्द सगळे तुमचेच निघाले, "ढ ते नाही, आपण आहोत" इथपर्यंत. तिनं दोरी हातात घेतली. "कोणं शिकवलं तुले हे?"

तुमचं नाव ओठांवर आलं होतं, सर. मी म्हणाले, "कोणी नाही. माझं मीच शिकले."

खोटं बोलले. हात जराही थरथरला नाही.